पायांची संवेदना कमी झाल्यावर मोजे आणि बूट कसे निवडावेत?

जास्वंद (चरई, ठाणे)

नमस्कार. पायांच्या नसांचा विकार, म्हणजे पेरिफेरल न्यूरोपॅथी असलेल्या माणसाने मोजे आणि पादत्राणे कशी निवडावीत, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. औषधांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ती ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी करावी. मात्र दवाखान्यातून निघताना ‘चांगले बूट वापरा, अनवाणी चालू नका’ एवढेच सांगितले जाते, आणि चांगले म्हणजे नेमके कसे हे गोखले रोडवरच्या दुकानात उभे राहून आपले आपल्यालाच ठरवावे लागते. ते ठरवताना काही आधार असावा, असे मला मनापासून वाटते.

मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. शरीरातील सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि बहुतेक रुग्णांमध्ये त्याच आधी बिघडतात. त्यामुळे त्रास बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकत जातो. माझ्या बाबतीत चवडा आणि बोटांच्या खालचा भाग बधिर आहे, तर पावलाच्या वरच्या बाजूला नुसत्या चादरीचा स्पर्शही रात्री जळजळ निर्माण करतो. एकाच पायाला एका जागी काहीच कळत नाही आणि दुसऱ्या जागी नको तितके कळते, आणि या दोन जागांच्या गरजा एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. बधिर भागाला संरक्षण हवे, म्हणजे जाड तळ आणि बंद पुढा हवा. जळजळणाऱ्या भागाला मात्र कशाचाही स्पर्श नको असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बधिर पायाला बरोबर मापाचा बूट सैल वाटतो. बूट पायात आहे हे जाणवावे म्हणून माणूस नकळत एक माप लहान घेतो, त्याला तो ‘छान बसला’ असे वाटते, आणि संध्याकाळी करंगळीच्या बाजूला फोड आलेला दिसतो. म्हणून बूट घालून पाहणे आणि ‘आरामदायक वाटतो का’ हे पायालाच विचारणे, ही आपली नेहमीची पद्धत येथे उपयोगाची नाही. डोळ्यांनी, हाताने आणि मोजपट्टीनेच बूट तपासावा लागतो.

मी वापरते ती पद्धत सांगते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड कागदावर उभे राहून दुसऱ्या कोणाकडून तरी दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घ्यावी. पेन्सिल उभी धरावी, तिरकी नव्हे. तो आकार कापून दुकानात न्यावा आणि बुटातील सुटी गादी बाहेर काढून तिच्यावर ठेवावा. कागद कोठेही गादीच्या बाहेर येत असेल, तर तो बूट बाजूला ठेवावा, मग विक्रेता ‘वापरून सैल होईल’ असे कितीही सांगो. लांबीच्या बाबतीत मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बुटाची आतील लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त असावी, असे म्हटले आहे, आणि ती उभे राहून पाहायची असते, बसून नव्हे. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचे माप धरावे.

मला जाणकारांना विचारायचे आहे ते असे. मोज्यांच्या शिवणीचे काय करावे? घरात काय घालावे? पावसाळ्यात बूट आणि मोजे दोन्ही ओले राहतात, तेव्हा काय करावे? आणि कौपिनेश्वराच्या मंदिरात चपला बाहेर काढून दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून जावे लागते, त्यावर कोणी काही मार्ग काढला आहे का?

निशिगंध (नेरूळ)

जास्वंदताई, धागा काढल्याबद्दल आभार. माझी न्यूरोपॅथी मधुमेहाची नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध दिले गेले आणि त्या काळात पायांत मुंग्या व जळजळ सुरू झाली. उपचार संपल्यावर अनेकांचा त्रास हळूहळू कमी होतो, माझाही बराच कमी झाला आहे. परंतु बोटे अजूनही कोणताही स्पर्श सहन करत नाहीत. त्यामुळे मोज्यांविषयी मला बरेच बारकाईने पाहावे लागले.

शिवणीचे उत्तर सोपे आहे, जरी ते दिसायला विचित्र असले तरी. ज्या मोज्यांची बोटांवरची शिवण जाड आहे, ते उलटे करून घालावेत, म्हणजे शिवण बाहेर राहते आणि आतून गुळगुळीत बाजू पायाला लागते. बुटाच्या आत ते कोणालाही दिसत नाही. काही मोज्यांत बोटांवरचे टाके एकेक करून जोडलेले असतात आणि तेथे जवळजवळ सपाट रेघच उरते. अशा मोज्यांना ‘सीमलेस’ म्हणतात. पाकिटावरच्या शब्दावर विसंबू नये, मोज्यात हात घालून बोटांच्या पेरांनी शिवण चाचपून पाहावी. ‘डायबेटिक सॉक्स’ असे छापलेले काही मोजे आतून इतर कोणत्याही मोज्यांसारखेच जाडजूड शिवलेले मी पाहिले आहेत.

दुसरा मुद्दा वरच्या पट्टीचा. मोजा काढल्यावर पोटरीवर खोल वळ उमटत असेल तर तो मोजा आपल्यासाठी नाही. पट्टी दोन्ही हातांनी ताणून पाहावी; ती पोटरीच्या घेरापेक्षा आरामात जास्त ताणली गेली पाहिजे. येथे एक गोंधळ हमखास होतो, तो म्हणजे औषधांच्या दुकानात मधुमेहासाठीचे मोजे मागितले की व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे दाब देणारे मोजे पुढे केले जातात. या दोन वस्तूंचे काम अगदी उलट आहे. पायाच्या धमन्यांत रक्तप्रवाह कमी असेल तर दाबाचे मोजे अपाय करू शकतात, म्हणून डॉक्टरांनी रक्तप्रवाह तपासून सांगितल्याशिवाय ते कधीही घालू नयेत.

कापडाविषयी माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. शंभर टक्के सुती मोजे सर्वांत चांगले, असे आपल्याकडे धरून चालतात. सुती कापड घाम शोषते हे खरे, पण ते तो धरून ठेवते, आणि ओले कापड त्वचेवर घासले की फोड लवकर येतात. दिवसभर बूट घालायचे असतील तर सुताबरोबर थोडा कृत्रिम धागा असलेले, किंवा बांबूच्या व्हिस्कोसचे, आतून टॉवेलसारखे बारीक फासे असलेले मोजे मला जास्त मानवतात. रात्री झोपताना मात्र सैल, पातळ सुती मोजेच बरे. चांदीच्या किंवा तांब्याच्या धाग्यांचे महाग मोजे दुर्गंधी कमी करत असतील, परंतु ते नसा बऱ्या करतात असे विक्रेत्याने सांगितले तर ते मुळीच मानू नये.

आणि मोजे नेहमी बुटाच्या आधी खरेदी करावेत. जाड मोजा बुटातील जागा खातो. पातळ मोज्यावर घेतलेला बूट जाड मोज्याने घट्ट होतो, आणि जास्वंदताईंनी म्हटल्याप्रमाणे बधिर पायाला ते कळतही नाही.

कलबूत (जांभळी नाका, ठाणे)

आमचा पादत्राणे बनवण्याचा आणि दुरुस्तीचा पिढीजात व्यवसाय आहे, म्हणून बुटाच्या बाजूने लिहितो.

प्रत्येक बूट एका साच्यावर बेतलेला असतो. त्याला कलबूत म्हणतात, कारागीर फर्मा म्हणतात. गिऱ्हाईक बुटाचा नंबर विचारते, परंतु आठ नंबरचे दोन बूट दोन वेगळ्या फर्म्यांवर झालेले असतील तर त्यांच्या पंजाच्या रुंदीत आणि उंचीत पुष्कळ फरक असतो. नंबर मुख्यतः लांबी सांगतो. आपल्याकडचे पाय पंजाला रुंद असतात, आणि बाजारातले टोकदार बूट रुंदीला कमी पडतात, म्हणून लोक रुंदी मिळवण्यासाठी लांबी वाढवत जातात. तसे केले की टाच आत मागेपुढे सरकते आणि घासते. रुंद फर्म्याचा बूट मागावा. चालण्याच्या बुटांत काही कंपन्या २ई किंवा ४ई अशी रुंदी लिहितात, त्यातील ४ई जास्त रुंद असतो.

दुकानात बूट हातात घेऊन करण्याच्या तपासण्या सांगतो. टाचेची मागची कड अंगठ्याने दाबावी; ती लगेच चेपली तर घोट्याला आधार मिळणार नाही. बूट टोक आणि टाच धरून वाकवावा. तो चवड्याच्या रेषेवर, म्हणजे बोटे जेथे वाकतात तेथे वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. दोन्ही हातांनी पिळून पाहावा. सहज पिळला जाणारा बूट नको. त्यानंतर आतमध्ये पूर्ण हात घालून वरची बाजू, बोटांची जागा आणि टाचेचे अस्तर चाचपावे. पंजाच्या वरच्या बाजूला आतून आडवी शिवण असेल तर ती नेमकी बोटांच्या पेरांवर घासते. वरचे कापड मऊ आणि ताणले जाणारे असावे. कडक रेक्झीन कधीही नको.

जुन्या पद्धतीच्या चामडी बुटांत टाचेला खिळे मारलेले असतात. तळ झिजला की खिळ्याचे टोक वर येते. ज्याला संवेदना आहे तो पहिल्या पावलाला ओरडतो. ज्याला नाही तो दिवसभर त्यावर चालतो. अशा गिऱ्हाइकाचे काम आम्ही फक्त चिकटवून आणि शिवून करतो, खिळा वापरत नाही, आणि दुरुस्तीला देताना आपणही मोच्याला तसे स्पष्ट सांगावे. बूट एखाद्या जागी दाबत असेल, तर फर्मा चढवून तेवढीच जागा रुंद करून देता येते, त्यासाठी नवा बूट घेण्याची गरज नसते. मात्र मापालाच लहान असलेला बूट असा कधीही सुधारत नाही.

प्रभातफेरी (वाशी)

एक नम्र सूचना करतो. आमच्या चालण्याच्या गटात अनेक जण सकाळी हिरवळीवर अनवाणी चालतात आणि घरात काटेरी टोकांच्या अ‍ॅक्युप्रेशर चपला घालतात. नसांना चालना मिळते असे त्यांचे म्हणणे आहे. पायाला गोळे आलेल्यांना त्याने बरे वाटल्याचेही ऐकले आहे. याचा विचार करावा का?

सेवाव्रती (सीबीडी बेलापूर)

प्रभातफेरी, आपला हेतू चांगला आहे हे मला कळते, परंतु या धाग्यावर लिहिणाऱ्यांसाठी ही सूचना धोक्याची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी निवृत्त परिचारिका आहे आणि माझ्या नोकरीचा बराच काळ कुष्ठरोग विभागात गेला.

कुष्ठरुग्णांच्या पायांना जखमा होतात त्या रोगामुळे मांस झडते म्हणून होतात, असे पूर्वी मानले जाई. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, पाय झिजतो तो वेदना हरपल्यामुळे. निरोगी माणूस चालताना एका जागी दुखू लागले की नकळत पावलाचा भार बदलतो, लंगडतो किंवा थांबतो. बधिर पायाचा माणूस त्याच बिंदूवर हजारो पावले टाकत राहतो, आणि साध्या दाबानेही आतील ऊती आधी सुजतात आणि मग फुटतात. हे ज्ञान नंतर मधुमेही पायांच्या उपचारांत जगभर उपयोगी पडले. अशा पायांसाठी आपल्या देशात मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर, या मऊ रबराच्या चपला रुजल्या. आत मऊ एमसीआर, खाली काटा आत न शिरणारा टणक तळ, मागे पट्टा आणि कोठेही खिळा नाही, अशी त्यांची रचना असते. शासनाच्या कुष्ठरोग कार्यक्रमातून त्या आजही दिल्या जातात, आणि मधुमेही पायांसाठीही त्या बनवून मिळतात.

आता अ‍ॅक्युप्रेशर चपलेचा विचार करा. एमसीआर दाब सगळ्या तळव्यावर पसरवते. अ‍ॅक्युप्रेशर चप्पल तोच दाब मोजक्या टोकांवर एकवटते. बधिर तळव्याखाली ती घालणे म्हणजे जखम होण्याची व्यवस्था करणेच आहे. हिरवळीत काच, तार, काटा काय असेल ते डोळ्यांना दिसत नाही आणि पायाला कळत नाही. ज्यांची संवेदना शाबूत आहे त्यांनी अवश्य चालावे. ज्यांची नाही त्यांनी घरातसुद्धा अनवाणी, किंवा नुसत्या मोज्यांवर चालू नये.

आपली संवेदना किती शिल्लक आहे, याचा अंदाज घरी घेता येतो. डोळे मिटून बसावे आणि दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर तर्जनीने अगदी हलका स्पर्श एक-दोन सेकंद करावा. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. या सहा स्पर्शांपैकी दोन किंवा अधिक कळले नाहीत, तर संरक्षक संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. तेथे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा वापरून नीट तपासणी होते. बी-१२ची पातळीही पाहून घ्यावी, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध बरीच वर्षे घेत असाल तर.

घरासाठी मागे पट्टा असलेली, पुढे बंद, मऊ तळाची सँडल वेगळी ठेवावी आणि ती घराबाहेर नेऊ नये. अंगठ्यात अडकवायची स्लीपर नको. तिचा पट्टा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये घासतो, आणि ती पायातून निसटली तरी बधिर पायाला कळत नाही. माणूस दोन खोल्या अनवाणी चालून जातो.

निशिगंध (नेरूळ)

सेवाव्रतीताईंच्या सँडलच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. ज्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध दिले गेले आहे, त्यांना गार स्पर्शानेही झिणझिण्या येतात. अशांना सकाळची गार लादीसुद्धा सहन होत नाही, त्यामुळे सँडल पलंगाच्या शेजारीच ठेवावी. चादरीचा त्रास होत असेल तर पायथ्याशी उशी उभी ठेवून तिच्यावरून चादर सोडावी. पायांना ती लागत नाही.

समतोल (ऐरोली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आतापर्यंतच्या चर्चेत मऊपणावर बराच भर आला आहे, त्याला थोडी मर्यादा घालावीशी वाटते.

नसांच्या विकारात केवळ स्पर्शच नव्हे, तर सांध्यांची स्थिती सांगणारी जाणीवही कमी होते. आपले पाऊल जमिनीवर कोणत्या कोनात टेकले आहे, हे मेंदूला तळवा आणि घोटा यांच्याकडून कळते. ती माहिती अपुरी पडू लागली की माणूस डोळ्यांच्या आधारावर तोल सांभाळतो, आणि म्हणूनच तोंड धुताना डोळे मिटले की, किंवा वीज गेली की तोल जातो. अशा माणसाला फार जाड आणि फार मऊ तळाचा बूट दिला, तर उरलीसुरली माहितीही त्या फोममध्ये हरवते. दुकानात दोन मिनिटे तो बूट अतिशय सुखद वाटतो, आणि पदपथाच्या उंचसखल पेव्हर ब्लॉकवर मात्र घोटा वळतो.

म्हणून मी रुग्णांना असे सांगतो की, गादी मऊ असावी, पण तळ रुंद, सपाट आणि बऱ्यापैकी टणक असावा, आणि टाच उंच नसावी. पुढून वर उचललेल्या तळाचे, रॉकर सोल म्हणून ओळखले जाणारे बूट चवड्यावरचा दाब खरोखरच कमी करतात, आणि ज्यांना चवड्याखाली घट्टे पडतात त्यांना त्यांचा उपयोग होतो; परंतु तोल मुळातच कमी असलेल्याला ते अस्थिर वाटू शकतात. ते घेण्याआधी भिंतीला हात लावून थोडे चालून पाहावे, आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टसमोरच घालून पाहावे. पावलाचा आकार बदललेला असेल, बोटे वाकडी झाली असतील किंवा आधी जखम होऊन गेली असेल, तर तयार बुटांवर वेळ घालवू नये. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी पायाचे माप घेऊन पादत्राणे आणि आतील गाद्या करून मिळतात.

चालायला सुरुवात सपाट जागी करावी. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा किंवा ठाण्यात तलावपाळीचा फेरा त्यासाठी पुरेसा आहे, येऊरच्या दगडी वाटेचा आग्रह धरू नये.

रबाळे शिफ्ट (कोपरखैरणे)

माझा प्रश्न वडिलांसाठी आहे. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात काम करतात आणि तेथे पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज सक्तीचे आहेत. त्यांना मधुमेह आहे, पाय बधिर आहेत, आणि अलीकडे अंगठ्याच्या नखाखाली काळे पडलेले दिसले. निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत, त्यामुळे नोकरी सोडणे शक्य नाही. काय करावे?

सेवाव्रती (सीबीडी बेलापूर)

आधी डॉक्टरांना तो अंगठा दाखवा, बूट नंतर पाहू. नखाखाली काळे पडणे म्हणजे बहुतेक वेळा दाबाने रक्त साकळलेले असते, पण बधिर पायात त्याखाली जखम दडलेली असू शकते. घरी नख कापू नका, आणि घट्ट्यांवर लावायच्या कॉर्न कॅप वापरू नका; त्यातील सॅलिसिलिक आम्ल चांगली त्वचाही जाळते आणि बधिर पायाला ते समजत नाही.

कलबूत (जांभळी नाका, ठाणे)

लोखंडी टोपी ताणली जात नाही, हाच येथील मुख्य प्रश्न आहे. इतर बूट आम्ही फर्म्यावर रुंद करून देतो, सेफ्टी शूजचा पुढा तसा करता येत नाही. त्यामुळे पंजाला रुंद असाच जोड मुळात घ्यावा लागतो. धातूऐवजी कॉम्पोझिट टोपीचे बूटही मिळतात. ते हलके असतात आणि कमी तापतात, परंतु रुंदीचा नियम त्यांनाही तोच. टोपीची मागची कड बोटांच्या पेरांवर येत नाही ना, हे वडिलांना उकिडवे बसवून पाहा, कारण काम करताना माणूस वाकतो तेव्हाच ती कड रुतते. आतील मूळ गादी बहुधा पातळ आणि कडक असते. ती बदलून मऊ गादी घालता येईल, पण त्यामुळे पाय वर उचलला जातो आणि बोटे टोपीला लागतात; म्हणून गादी आधी ठरवावी आणि ती घालूनच बुटाचे माप घ्यावे. कारखान्यातून मिळालेला जोड लहान पडत असेल, तर डॉक्टरांचे पत्र देऊन रुंद जोड मागण्यात कोणताही संकोच करू नये.

सेवाव्रती (सीबीडी बेलापूर)

आणि नवा बूट पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीभर घालू देऊ नका. घरी तासभर घालून काढावा आणि पाय पाहावा. उमटलेला लालपणा अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागी दाब जास्त आहे. तसे नसेल तर दररोज थोडा वेळ वाढवावा. बूट घालण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. खडा, गुंडाळलेली गादी, मुलांच्या खेळण्यातला तुकडा, काहीही निघू शकते. मोजे शक्यतो पांढरे किंवा फिकट रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. कारखान्यात काळे सक्तीचे असतील तर आतून पांढरा पातळ मोजा घालावा, पण त्याची जाडीही मापात धरावी.

एक लक्षण सर्वांनी लक्षात ठेवावे. एक पाऊल अचानक सुजले, लाल झाले आणि दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागू लागले, तर ते दुखत नसले तरी त्यावर भार देणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बधिर पायात हाडे आतल्या आत खचू लागल्याची ती खूण असू शकते.

प्रभातफेरी (वाशी)

सेवाव्रतीताई, इतके सविस्तर समजावून सांगितल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आमच्या गटातील दोघांना मधुमेह आहे. त्यांना मी हे सगळे वाचून दाखवणार आहे आणि बोटांच्या स्पर्शाची चाचणी करायला सांगणार आहे.

पावसाळ्याबद्दल मला काही सांगता येईल. पावसात कापडी बूट भिजतात आणि दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ओल्या बुटातील गादी काढून वेगळी वाळवावी, बुटात वर्तमानपत्राचे कागद भरावेत आणि ते भिजले की बदलावेत. हीटरसमोर किंवा गॅसजवळ ठेवल्यास चिकटवलेला तळ सुटतो. मोजे चिमट्याने पंख्याखाली टांगावेत. इस्त्रीने वाळवू नयेत, कारण वरच्या पट्टीतला लवचीक धागा उष्णतेने खराब होतो. बाहेर जाताना पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड आणि छोटा पंचा ठेवावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे सर्वांत आवश्यक आहे, बुरशी तेथेच धरते.

सेवाव्रती (सीबीडी बेलापूर)

अगदी बरोबर. क्रीम लावणाऱ्यांनीही ते तळव्याला आणि टाचेला लावावे, बेचक्यांत लावू नये. नसांच्या विकारात घाम कमी येतो, त्वचा कोरडी होऊन टाचांना भेगा पडतात, आणि वंदना टॉकीजच्या परिसरात साचते तसल्या पाण्यातून अशा भेगा घेऊन चालणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला वाट देणे. पाण्यातून जावेच लागले, तर घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, भेगा पाहाव्यात, आणि ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे. पाय शेकण्यासाठी गरम पाणी वापरू नये. धुण्याचे पाणीही ३७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असावे आणि ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे.

जास्वंद (चरई, ठाणे)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. समतोल यांचा मुद्दा माझ्यासाठी विशेष महत्त्वाचा ठरला. मी जाड फोमच्या बुटांचा विचार करत होते, तो आता सोडून दिला आहे आणि रुंद, सपाट तळाचा, वेलक्रोचा जोड पाहिला आहे. माझ्या बोटांना नाड्या बांधणे जड जाते आणि सूज कमीजास्त होते तसा वेलक्रो सैल करता येतो.

मंदिराच्या प्रश्नावर चौकशी केली. दर्शनाला सकाळी लवकर किंवा दिवे लागणीनंतर जायचे, आणि केवळ मंदिरासाठी जाड, तळाला रबरी ठिपके असलेले स्वच्छ मोजे वेगळ्या पिशवीत न्यायचे, असे ठरवले आहे. मोज्यांना तेथे कोणी हरकत घेत नाही. मात्र तापलेल्या दगडापासून मोजा पुरेसे संरक्षण देत नाही, म्हणून दुपारची वेळ मी पूर्णपणे टाळणार आहे.

रबाळे शिफ्ट (कोपरखैरणे)

वडिलांना डॉक्टरांकडे नेले. नखाखाली फक्त रक्त साकळले होते, जखम नव्हती. डॉक्टरांनी पत्र दिले आणि कारखान्याने रुंद पंजाचा जोड मागवून दिला आहे. सध्या घरी थोडा थोडा वेळ घालणे चालू आहे. एकच अडचण उरली आहे. पोट आणि गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःचा तळवा पाहता येत नाही, आणि मी रात्रपाळीला असलो की घरी दुसरे कोणी नसते.

सेवाव्रती (सीबीडी बेलापूर)

जमिनीवर साधा आरसा ठेवून खुर्चीत बसावे आणि पाऊल त्याच्यावर धरावे. तळवा पूर्ण दिसतो. दृष्टी कमी असेल तर मोबाइल जमिनीवर कॅमेरा वर करून ठेवावा, वेळ लावून फोटो घ्यावा आणि तो आपल्याला पाठवायला सांगावा. बोटांच्या बेचक्यांचा फोटो वेगळा हवा, त्यासाठी बोटांमध्ये कापसाचा बोळा धरला की त्या उघड्या राहतात. फोटो रोज एकाच वेळी, पाय धुऊन पुसल्यावर घ्यावा, म्हणजे कालच्या फोटोशी तो ताडून पाहता येतो.